दाताच्या दवाखान्यातून धम्मगिरीला

इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्यापासून ओळखीतल्या शिक्षिका सारख्या विचारतात. रजा कशी मिळाली? थंडी झेपते का? बोलायचं नाही म्हणजे अगदीच नाही का? आणि मग जरा बाजूला घेऊन, "खरं सांग, फरक पडतो का गं?" प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं घडलं त्या क्रमानं लिहून काढते आहे.

मी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, चार वर्ग, आम्ही दोघं. शिकवण्यानं मी कधी थकले नाही. थकवतं ते शिकवण्याच्या भोवतीचं सगळं: यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी आकडेवारीची, माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचं काम, आणि दुपारी दोनला ग्रुपवर येणारा "आज चारपर्यंत लिंक भरावी" असा निरोप. त्या वर्षी घरी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मुलगा आठवीत गेला होता. यात जगावेगळं काहीच नव्हतं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, कुठल्याही शिक्षिकेचं वर्ष साधारण असंच जातं.

जुलै २०२३ मध्ये उजवीकडची दाढ दुखायला लागली. कीड असेल म्हणून नाशिकला दाखवायला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, कीड नाही, दाढा झिजल्या आहेत, तुम्ही झोपेत दात खाता. सकाळी जबडा आखडलेला असतो का, कानशिलं दुखतात का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही होत होतं, पण मी ते उशीच्या आणि प्रवासाच्या नावावर टाकत आले होते. रात्री दातांवर बसवायचा गार्ड साडेतीन हजारांना पडला. निघताना ते म्हणाले, "गार्डनं दात वाचतील. ताणाचं तुम्हाला वेगळं बघावं लागेल."

आधी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घेतलं. ध्यानधारणेकडे वळण्याआधी हे कराच, कारण थायरॉइड बिघडला असेल किंवा रक्त कमी असेल तर ती थकावट डोळे मिटून बसल्यानं जाणार नाही. माझे रिपोर्ट नीट आले. फोनवरचं ध्यानाचं एक अ‍ॅपही काही दिवस वापरून पाहिलं, पण ज्या फोनवर लिंका येतात त्याच फोनवर शांत बसायचं, हे मला जमेना. मग आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी धम्मगिरीचं, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं, सुचवलं. शाळांमधल्या 'मित्र उपक्रमा'त मुलांना आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवायला शिकवतात, हे मला ऐकून माहीत होतं. त्याचं मूळ याच शिबिरात आहे, हे त्यांच्याकडून कळलं.

अर्ज ऑनलाइन आहे आणि लांबलचक आहे. नाव-गाव-शिक्षण झालं की आजार, चालू औषधं, मानसिक आजाराचा इतिहास, व्यसन, रेकी किंवा दुसऱ्या साधना करता का, हे सगळं विचारतात. यातलं एकही उत्तर लपवू नका. माझ्या एका मैत्रिणीला नैराश्यासाठी गोळ्या चालू होत्या. तिला केंद्रानं आधी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यायला सांगितलं, आणि डॉक्टरांनी त्या वर्षी थांबायचा सल्ला दिला. मला ते अगदी योग्य वाटलं. दहा दिवस फक्त स्वतःच्या मनाबरोबर बसणं हे जड काम आहे, उपचारांच्या जागी ते ठेवता येत नाही. आत्ताच बोलण्याची गरज असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

मी ऑगस्टमध्ये दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर मागितलं. राज्यातल्या सगळ्या शिक्षकांना तेव्हाच सुट्टी असते, त्यामुळे महिलांच्या जागा भरल्या होत्या आणि माझं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. सप्टेंबरभर वाट पाहिली. शेवटी डिसेंबरच्या सुरुवातीच्या शिबिरासाठी नव्यानं अर्ज केला, तिथं ऑक्टोबरमध्ये नाव लागलं. नाव लागलं म्हणजे झालं असं नसतं. तारीख जवळ आली की "येणार ना, कळवा" अशी मेल येते, तिला उत्तर दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते. शाळेचा मेल आयडी देऊ नका, स्वतःचा द्या, आणि स्पॅमचा कप्पा रोज उघडून बघा. माझी मेल तिथेच सापडली.

आता रजा. शिक्षकांना या शिबिरासाठी रजा मिळण्याची सोय शासनानं केलेली आहे, पण ती आपल्याला चालत येऊन कोणी देत नाही. मी अर्जाबरोबर धम्मगिरीचं प्रवेशपत्र, शासन निर्णयाची प्रत आणि माझ्या वर्गांची पर्यायी व्यवस्था कशी असेल याचं एक पान जोडलं. मुख्याध्यापकांची शिफारस, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. पंचायत समितीत अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घालून पोच घ्या. माझा पहिला अर्ज टेबलावरच्या ढिगात कुठेतरी राहिला होता, पोच होती म्हणून तो शोधला गेला. रजेचा प्रकार कोणता लिहायचा ते आस्थापनेच्या लिपिकाला विचारूनच लिहा, नाहीतर त्या एका शब्दावरून कागद परत येतो. मंजुरी हातात पडायला जवळजवळ महिना गेला. खरा भार माझ्या सहकाऱ्यावर पडणार होता. सरांनी "जाऊन या, मी बघतो" म्हटलं, केंद्रप्रमुखांनी शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेला काही दिवस पाठवलं, आणि ते झालं म्हणूनच मी जाऊ शकले.

घरी नणंद येऊन राहिली. मुलाला मी धम्मगिरीच्या कार्यालयाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावून दिला. आपला फोन जमा असतो, पण घरी अडचण आली तर कार्यालयात फोन करून निरोप देता येतो. हे घरच्यांना आधी सांगितलं की त्यांचाही जीव भांड्यात पडतो आणि आपलाही.

सामानात सैल सलवार-कुर्ते, चादर, शाल, स्वेटर, मोजे, टॉर्च, गजराचं साधं घड्याळ आणि नेहमीच्या गोळ्या. डिसेंबरात घाटमाथ्यावर पहाटे चांगलंच गारठतं, तेव्हा शाल दोन घेतल्या तरी चालतील. चुडा वाजत असेल तर घरी ठेवा. वही-पेन, पुस्तक, जपमाळ यातलं काही तिथं वापरायचं नसतं.

सिन्नरहून घोटीची एसटी पकडली, महिला सन्मान योजनेमुळे अर्ध्या तिकिटात. घोटीहून इगतपुरी जवळच आहे. मुंबईकडून येणाऱ्यांना रेल्वे सोयीची, कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबतेच, आणि स्टेशनवरून रिक्षा मिळते. दुपारी नोंदणीच्या रांगेत आधार कार्ड दाखवलं, फोन आणि पाकीट जमा केलं, खोलीचा आणि धम्महॉलमधल्या आसनाचा क्रमांक घेतला. बायका आणि पुरुषांची राहण्याची, जेवणाची, फिरण्याची जागा वेगळी. जवळपास सगळ्या वयाच्या बायका होत्या: कॉलेजातल्या मुली, बँकेतल्या बाई, विदर्भातून आलेल्या आजी. संध्याकाळी हलकं जेवण झालं, नियम सांगितले, पंचशील घेतलं, आणि मौन सुरू झालं. याला ते आर्य मौन म्हणतात. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, एकमेकींकडे बघून हसायचंही नाही. काही अडलं तर शिबिरात मदत करणाऱ्या धम्मसेविकांशी आणि साधनेबद्दल साहाय्यक आचार्यांशी मात्र बोलता येतं.

पहाटे चारला घंटा. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत, मध्ये नाश्ता, अकराचं जेवण, विश्रांती आणि पाचचा चहा सोडला तर बसणं. रात्रीचं जेवण नाही, नव्या साधकांना पाचला चहाबरोबर कुरमुरे आणि फळ. मला वाटलं होतं भुकेचा त्रास होईल, पण दिवसभर बसून राहिल्यावर भूकच कमी लागते.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. येणारा श्वास, जाणारा श्वास, तो बदलायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. नंतर नाकाखालच्या, वरच्या ओठाच्या वरच्या एवढ्याशा जागेवर काय जाणवतं तेवढंच बघायचं. ऐकायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मनात एका जुन्या बैठकीतला प्रसंग सुरू झाला, ज्यात सगळ्यांसमोर मला बोललं गेलं होतं. मी त्या साहेबांना मनातल्या मनात इतकी उत्तरं दिली की ध्यानाची ती वेळ संपली तेव्हा माझे दात एकमेकांवर घट्ट रुतलेले होते. समोर कोणी नाही, फोन नाही, लिंक नाही, आणि तरी जबडा आवळलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं तोवर मी मानलं होतं, त्या दुपारी ते स्वतः पाहिलं.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावरून लक्ष न्यायचं, जी संवेदना असेल ती जाणायची, सुखद असो की दुःखद, तिला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. त्यानंतर दिवसातून तीन वेळा तासभर अधिष्ठान: हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. गुडघा पेटतो, मांडी बधिर होते. दुखण्याची जुनी तक्रार असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, पाठीला टेकू किंवा खुर्ची मिळते, आणि त्यात कमीपणा काही नाही. माझी अडचण वेगळी होती. सगळ्या अंगावर काही ना काही कळत होतं, जबड्याच्या जागी मात्र काहीच नाही, जणू तो भाग माझा नव्हताच. दुपारच्या वेळेत आचार्यांना विचारलं. त्यांनी एवढंच सांगितलं: तिथं मिनिटभर थांबा, काही नाही कळलं तरी ठीक, पुढं जा, पुढच्या फेरीत पुन्हा थांबा. सहाव्या दिवशी मला घरी जावंसं वाटलं, अगदी बॅग भरायचं वाटलं. हा दिवस बऱ्याच जणींना जड जातो असं नंतर कळलं. आठव्या दिवशी संध्याकाळी जबड्यात आधी बारीक थरथर जाणवली आणि मग असं दुखलं की डोळ्यांतून पाणी आलं. दुखतंय हे कळणं ही इतकी मोठी गोष्ट असते, हे मला माहीत नव्हतं.

रोज रात्री ही साधना शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका यांचं ध्वनिचित्रमुद्रित प्रवचन असतं. त्यांची स्वतःची कहाणी माझ्या फार जवळची निघाली. ते बर्मात वाढलेले व्यापारी, अर्धशिशीनं हैराण, दुखणं थांबवायला मॉर्फीन घ्यावं लागे इतकं. १९५५ मध्ये ते विपश्यना शिकवणारे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर ऊ बा खिन यांनी नुसत्या डोकेदुखीसाठी आला असाल तर नको म्हणून सांगितलं. मन स्वच्छ करायला या, डोकेदुखी गेली तर ती बरोबरीनं जाईल. हे ऊ बा खिन स्वतंत्र बर्माचे पहिले महालेखापाल होते आणि आपल्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही त्यांनी साधना शिकवली. फायली, हिशेब, वरिष्ठांचे आदेश यांच्यात बसलेल्या माणसानं हे केलं, याचा मला फार आधार वाटला. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं भरतात. प्रवचनातल्या पुनर्जन्माच्या आणि जुन्या संस्कारांच्या गोष्टी मला सगळ्या पटल्या नाहीत. त्या मी बाजूला ठेवल्या. पटेल तेवढं घ्या असं तेही म्हणतात, आणि संवेदना बघायला त्या मान्य असाव्या लागत नाहीत.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवली आणि मौन सुटलं. त्या आजींनी मला विचारलं, "पोरी, तुला किती मुलं?" आणि मला पटकन आवाजच फुटेना. अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपलं. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्यांनी द्यायचं असेल तर दान द्यायचं, किती ते कोणी विचारत नाही. मी मला झेपलं तेवढं दिलं. प्रवास, दुसरी शाल, घड्याळ धरून बाकी खर्च दीड हजाराच्या आत राहिला. निघण्याआधी कार्यालयातून शिबिर पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आठवणीनं घ्या, रुजू अहवालाबरोबर ते जोडावं लागतं.

परत आल्यावरचं कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा असं सांगतात. पहिले काही दिवस मी बसले. मग सहामाहीच्या राहिलेल्या नोंदी, सासूबाईंची फिजिओथेरपी, आणि संध्याकाळचा तास गेला. आता मी पहाटे पाचला बसते, पाऊण तास. संध्याकाळी स्वयंपाकाआधी दहा मिनिटं आनापान, घरच्यांना ते ठाऊक आहे, त्या वेळात दाराची बेल मुलगा बघतो. आणि शाळेच्या फाटकाशी स्कूटी लावली की हेल्मेट काढण्याआधी थोडे श्वास. माझ्या मते दिवसभराच्या ताणासाठी या तिसऱ्या सवयीचा उपयोग सगळ्यात जास्त होतो, पण पहाटेचं बसणं सुटलं की तीही चार दिवसांत सुटते.

जानेवारी २०२४ च्या शेवटी मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांचं सर्वेक्षण आलं आणि आम्ही प्रगणक झालो. मोबाइलवर लांबलचक प्रश्नावली, हातात थोडे दिवस, आणि माझ्या वाट्याच्या वस्तीवर नेटवर्क नाही. एका घरी गृहस्थ दारातच चिडले, इतकी खाजगी माहिती कशाला पाहिजे, म्हणून मोठ्यानं बोलायला लागले. माझं तोंड उघडण्याआधी जबडा आवळला गेला. तो आवळलेला मला कळला. तो कळायला लागलेल्या क्षणभरात मी उत्तर द्यायची थांबले, श्वास घेतला, आणि म्हटलं, "दादा, तुम्ही म्हणता ते मला समजतंय. पाणी मिळेल का? मग बघू." त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, मी ओट्यावर बसले, फॉर्म भरला गेला. सगळ्या घरी असं झालं नाही. काही ठिकाणी माझाही आवाज चढला, दोन रात्री झोप लागली नाही. पण आधी मला राग आल्याचं घरी गेल्यावर, कानशिलं ठणकायला लागल्यावर समजायचं. आता तो तिथल्या तिथं, अंगात उमटतानाच दिसतो, आणि दिसला की काय करायचं ते थोडंफार माझ्या हातात राहतं. फरक पडतो का, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

एप्रिलमध्ये दाताच्या डॉक्टरांकडे गेले. गार्डवर नव्या खुणा होत्या, पहिल्यापेक्षा उथळ. ते म्हणाले, गार्ड सोडू नका. मी सोडलेला नाही.

जून २०२४ पासून परिपाठानंतर मुलांबरोबर दहा मिनिटं आनापान घेतो. सुरुवातीची तासाभराची ओळख मित्र उपक्रमाच्या प्रशिक्षित शिक्षकांकडूनच करून घेतली, पालकांना आधी बोलावून समजावलं की यात कुठल्या देवाचं नाव घ्यायचं नसतं. पहिलीतली पोरं एक डोळा उघडा ठेवून बसतात, मी तसंच चालू देते. चौथीतल्या एका मुलीनं सांगितलं की भाऊ मारायला आला की ती आधी नाकाकडे बघते आणि मग पळते.

दहा दिवस घर सोडणं ज्यांना आत्ता शक्य नाही, त्यांनी थांबून राहू नये. आनापानाची छोटी सत्रं विनामूल्य होतात, फोनवरही सूचना मिळतात. पुण्याला धम्मपुण्ण, कोल्हापूरजवळ धम्मालय, नाशिकला धम्म नासिका अशी जवळची केंद्रं आहेत, सगळ्यांनी इगतपुरीच धरून बसायची गरज नाही. दिवाळीची जागा हवी असेल तर नोंदणी उघडली त्याच दिवशी अर्ज करा, आणि रजेचा कागद प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात पंचायत समितीत द्या. माझ्या अर्जाचा आणि पर्यायी व्यवस्थेच्या पानाचा नमुना आमच्या शाळांच्या केंद्रातल्या ज्यांना हवा असेल त्यांनी मागावा, मी पाठवते.